मूळ अज्ञात

अहवाल दीड पानाचा. रबाळ्याच्या कारखान्यातला,
कंपनीच्या डॉक्टरने इंग्रजीत लिहिलेला.
मी ठाण्याच्या कामगार न्यायालयासाठी
पानामागे साठ रुपयांनी भाषांतर करते.

तिसऱ्या ओळीत अडले:
कामगार काशिनाथ मुकणे, वय एकतीस,
टाकीशेजारी फरशीवर
'स्क्वर्म' करताना आढळला.

वळवळत, असं पेन्सिलीने लिहिलं. खोडलं.
वळवळते ती अळी, कोबीच्या पानाखालची.
तळमळत?
त्याला रात्र लागते, कूस बदलायला अंथरूण लागतं.
इथे भर दुपार होती, आणि आम्ल.
चुळबुळत तर मीही असते,
वकील घड्याळाकडे बघतो तेव्हा.
लोळतात म्हशी, सुखाने.
पिळवटून निघाला, असं लिहावं
तर पिळलं कोणी, तेही लिहावं लागेल,
आणि ते माझ्या दीड पानात नाही.

सासऱ्यांचा जाड कोश काढला,
पाठीला खाकी चिकटपट्टी लावलेला.
तिथे लिहिलं होतं: हा शब्द सतराव्या शतकाच्या अखेरचा.
पहिल्यांदा वापरला गेला तो वामेसारख्या माशांबद्दल.
किड्याच्या इंग्रजी नावाची सावली कदाचित पडली असावी त्यावर.
त्यामागे काय, ठाऊक नाही.
मूळ अज्ञात.

म्हणजे माणूस ह्या शब्दात उशिरा आला.
आधी वाम होती.

फोनवर कंपनीचे वकील गाडगीळ म्हणाले,
"मॅडम, वळवळतच लिहा ना. नेमका शब्द आहे."
नेमका होता, हाच तर वांधा.
तळमळत लिहिलं असतं
तर डॉक्टरच्या वाक्यातली घृणा
मीच पुसली असती, माझ्या पदराने,
आणि न्यायाधीशांना वाटलं असतं
कुणीतरी त्याच्याकडे माणूस म्हणून पाहिलं होतं.

रविवारी चेंदणीला गेले.
चांगुणा नाखवीच्या पाटीत एक वाम होती, अजून जिवंत,
खाडीच्या चिखलाच्या रंगाची,
स्वतःभोवती गाठ मारत, सोडत,
पुन्हा मारत. शेपटीकडून डोक्याकडे
एक ओळ सरकत होती, जी पुरी होत नव्हती.
"किती वळवळतेय हो," मी म्हणाले,
जरा मुद्दाम, शब्द तोंडात कसा बसतो ते बघायला.
"वलवलत नाय," ती म्हणाली. तिच्या तोंडात ळ नाही.
"पानी बघते.
दीडशे दे. कापून देऊ का अख्खी?"

कापून घेतली. तुकडे झाल्यावरही
पाटावर ते थोडे हलत होते.
मी पैसे मोजत राहिले.

घरी येऊन वळवळत असंच टंकलं.
पहिल्या प्रतीवर. दुसरीवर तळमळत.
दोन्ही प्रती शेजारी ठेवून
सोलकढी केली, कपडे दोरीवर घातले,
परत येऊन बघितलं तर दोन्ही वाक्यं
सारखीच खोटी दिसत होती.
शेवटी वळवळतच पाठवली,
खाली तळटीप देऊन:
मूळ इंग्रजी शब्द प्रथम माशांबद्दल वापरात होता.
अशा टीपा कोणी वाचत नाही.
तरी दिली. सही केली. शिक्का मारला,
खरे भाषांतर.

तारखेला बाहेरच्या बाकावर
एक बाई बसली होती, मांडीवर प्लास्टिकची पिशवी,
तिच्यात रेशनकार्ड, फोटो, केळी.
यमुना मुकणे. मोखाड्याकडची.
कारकून म्हणाला, ह्याच बाईंनी मराठीत केलंय.

मला वाटलं विचारेल, काय लिहिलंय त्यात.
मी तयारी करून गेले होते. दोन्ही शब्दांची,
कोशाची, वामेचीसुद्धा.

ती म्हणाली, "किती येळ व्हता तसा?"

मी कागद काढला. पुढून पाहिला,
मागून पाहिला.
अहवालात वेळ नव्हती.